हिशेब कोणापुढे ठेवायचा?



मार्चअखेरची धांदल नुकतीच आटोपली आहे. कचेऱ्यांतून रात्री उशिरापर्यंत दिवे जळले, उरलीसुरली तरतूद खर्ची पडली, बिले मंजूर झाली, आणि वर्षाची बेरीज कशीबशी जुळली. अशा वेळी वर्ध्यासारख्या गावी, उन्हे कलल्यावर जमलेल्या या सभेपुढे सार्वजनिक पैशाच्या हिशेबाचा इतिहास सांगावा, असे आम्हांस वाटले. विषय रुक्ष आहे खरा. जमाखर्चाच्या वहीत काव्य शोधू नये, हे आम्हीही जाणतो. परंतु राज्ये कशी उभी राहिली आणि कशी बुडाली हे पाहावयाचे तर रणांगणाइतकीच दफ्तराचीही वाट धरावी लागते. आणि त्या वाटेवरचा एक महत्त्वाचा मुक्काम याच गावात, मगनवाडीच्या आवारात आहे.

हिशेबाचे प्रश्न वस्तुतः दोनच. पैसा कोठे गेला, हा पहिला. पैसा ज्यासाठी गोळा केला त्याचे त्यातून काय झाले, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर पावतीत मिळते. दुसऱ्याचे उत्तर मिळवायला गावात जावे लागते. आणि या दोहोंच्या मुळाशी एक तिसरी गोष्ट आहे, जिच्यावर सारे अवलंबून असते : हा हिशेब ठेवायचा कोणापुढे? या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर गेल्या अडीचशे वर्षांत कसे बदलत गेले, तेवढेच आज पाहू.

आरंभ घरापासून करू. मराठी राज्यात हिशेबाची शिस्त नव्हती असे समजण्याचे कारण नाही. रोजकीर्द, खतावणी, ताळेबंद हे शब्द आपण आजही वापरतो, ते त्याच दफ्तरांतून आलेले आहेत. पेशव्यांच्या हुजूर दफ्तरात एकबेरीज नावाची एक स्वतंत्र शाखाच होती. निरनिराळ्या प्रांतांचे आणि खात्यांचे हिशेब तिथे एकत्र होत आणि राज्याची जमा, खर्च व शिल्लक यांचा वार्षिक गोषवारा तयार होई. त्याहून महत्त्वाची गोष्ट दरकदारांची. मामलेदाराच्या हाताखाली दिवाण, मुजुमदार, फडणीस, पोतनीस असे अधिकारी असत, पण त्यांची नेमणूक मामलेदार करीत नसे आणि त्यांना काढणेही त्याच्या हाती नसे. ज्याचा हिशेब तपासायचा त्याच्या मेहेरबानीवर तपासनिसाने जगू नये, हे तत्त्व आपल्या पूर्वजांना पक्के ठाऊक होते.

तरीही ही व्यवस्था सडली, आणि कशी सडली हे फार बोधप्रद आहे. पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलखाविषयी १८१९ साली जो अहवाल लिहिला, त्यात ‘दरबारखर्च’ या सदराची हकीकत आहे. आरंभी हा पैसा गुप्तपणे मंत्र्यांना आणि हिशेब तपासणारांना लाच म्हणून दिला जाई. पुढे ती लाच ठरीव झाली, ठरीव झाल्यावर रीतसर झाली, आणि शेवटी इतर खर्चाप्रमाणे तिचाही हिशेब तपासला जाऊ लागला! मग नव्या लाचेसाठी निराळे गुप्त सदर काढावे लागले. वही बिनचूक, बेरीज बरोबर, आणि राज्य पोखरलेले. याचे कारण शोधावयास लांब जायला नको. तो हिशेब वर, हुजुरापुढे जात होता. ज्या रयतेच्या घामातून जमेची बाजू भरत होती तिच्यापुढे तो कधीच आला नाही. हुजूर जागा असेल तोवर तपासणी जागी. हुजुराला डुलकी लागली की सारेच निजले.

इंग्रजी अमलाने दफ्तरे सुधारली यात शंका नाही. जेम्स विल्सनने १८६० साली हिंदुस्थानचे पहिले अंदाजपत्रक मांडले, आणि त्याच साली महालेखापरीक्षकाची जागाही निर्माण झाली. नागपूरचे राज्य खालसा होऊन थोडीच वर्षे झाली होती. १८६२ साली नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा काढण्यात आला. कागद नेटके झाले, तपासणी काटेकोर झाली. परंतु हिशेब ठेवण्याची जागा आणखी दूर गेली. पुण्याहून ती लंडनला गेली.

या दूर गेलेल्या हिशेबाचे एक स्मारक आपल्या गावातूनच जाते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग वर्ध्यावरून नागपूरपर्यंत १८६७ साली खुला झाला. ही रेल्वे बांधणाऱ्या विलायती कंपनीशी सरकारने १८४९ साली करार केला होता : भांडवलावर शेकडा ५ व्याजाची सरकारची हमी. रेल्वेला नफा झाला नाही तर तूट हिंदी महसुलातून भरून द्यायची. याचा परिणाम काय व्हायचा तो झाला. काटकसर करण्याचे कारणच उरले नाही. विल्यम मॅसे हे पूर्वी हिंदुस्थान सरकारचे अर्थमंत्री होते. पार्लमेंटच्या समितीपुढे १८७२ साली त्यांनी साक्ष दिली तिचा आशय असा, की व्याजाची हमी मिळाल्यावर आपला पैसा विटाचुन्यात गेला की हुगळी नदीत फेकला गेला याची भांडवलवाल्याला पर्वा राहिली नव्हती. आपल्या ऐकिवातला एखादा चावट कंत्राटदार हे बोलला असता तर नवल नव्हते. पण हे बोलणारा गृहस्थ तिजोरीचा माजी रखवालदार होता.

आणखी एकदोन कलमे सांगतो. ईस्ट इंडिया कंपनीचा व्यापार १८३३ च्या सनदेने बंद झाला, पण तिच्या भागीदारांना साठ लाख पौंडांच्या भांडवलावर शेकडा साडेदहा नफा हिंदी महसुलातून देण्याचे ठरले, आणि पुढे १८७४ साली शंभर पौंडांच्या भागाला दोनशे पौंड देऊन ते भाग विकत घेण्यात आले. म्हणजे आपल्याला जिंकणाऱ्या कंपनीची किंमतही आपणच दुप्पट मोजली. सत्तावन सालचा उठाव मोडण्याचा खर्च हिंदुस्थानच्या नावे पडला. लंडनमधल्या भारतमंत्र्याचा पगार १९१९ चा कायदा होईपर्यंत येथील करातून जात होता. तुर्कस्तानचा सुलतान १८६७ साली लंडनला पाहुणा आला. त्याच्या सन्मानार्थ इंडिया ऑफिसात मोठा नाच-समारंभ झाला आणि त्याचेही बिल हिंदी तिजोरीवर पडले. या साऱ्या रकमांची नोंद आहे, पावत्या आहेत, तपासनिसाच्या सह्या आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर चोख आहे. पैसा कोठे गेला हे सांगता येते. पण तो ज्याचा होता त्याला कोणी विचारलेच नाही.

विचारण्याची सुरुवात महाराष्ट्रात झाली, याचा आपण सार्थ अभिमान बाळगावा. दादाभाई नौरोजींनी रक्तशोषणाचा सिद्धान्त मांडला आणि रानड्यांनी पुण्यात अर्थशास्त्राचा अभ्यास रुजविला, हे सर्वश्रुत आहे. गणेश व्यंकटेश जोशी या शाळामास्तरांनी सरकारी निळ्या पुस्तकांतले आकडे चाळून काढून देशाला आकड्यांनी बोलायला शिकविले, ही गोष्ट मात्र थोड्यांस ठाऊक असते. त्याच शिदोरीवर गोपाळराव गोखले १८९७ साली लंडनला वेल्बी आयोगापुढे साक्षीला उभे राहिले. वय अवघे तीस. पुढे १९०२ साली कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदेमंडळात अंदाजपत्रकावरचे त्यांचे पहिले भाषण झाले. शिल्लक दिसते म्हणून देश संपन्न आहे असे नव्हे, कर जास्त घेतला म्हणून शिल्लक दिसते, हे त्यांनी सरकारला त्याच्याच आकड्यांनी दाखवून दिले. तथापि त्या मंडळात अंदाजपत्रकावर बोलता येई, मत देता येत नसे. हिशेब वाचायची मुभा होती, नाकारायची नव्हती.

आता वर्ध्याकडे वळण्यापूर्वी जरा अमेरिकेची वाट धरली पाहिजे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात एडविन सेलिग्मन हे सार्वजनिक अर्थव्यवहाराचे नामांकित प्राध्यापक होते. त्यांच्या हाताखाली आपल्या देशाचे दोन विद्यार्थी वेगवेगळ्या काळी शिकले. एक भीमराव आंबेडकर. त्यांनी तेथे १९१३ ते १९१६ या काळात ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि अर्थव्यवहारावर प्रबंध लिहिला. प्रांतिक अर्थव्यवहाराच्या विकासावरील त्यांचा ग्रंथ १९२५ साली निघाला, त्याला सेलिग्मन यांची प्रस्तावना आहे. दुसरे जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा. तंजावरच्या ख्रिस्ती कुटुंबात १८९२ साली जन्मलेले, लंडनला हिशेबतपासनिसाचे शिक्षण घेतलेले, मुंबईत स्वतःची पेढी असलेले, विलायती पोशाखाचे गृहस्थ. ते १९२७ साली अमेरिकेला गेले. सेलिग्मन यांच्याकडे त्यांनी जो विषय हाती घेतला तो असा : हिंदुस्थानच्या दारिद्र्याशी येथील सरकारी करांचा आणि खर्चाचा संबंध काय? पावत्या तपासणारा माणूस दुसऱ्या प्रश्नाकडे वळला तो येथे.

तो निबंध घेऊन कुमारप्पा १९२९ च्या मे महिन्यात साबरमतीला गांधीजींना भेटले. गांधीजींनी तो ‘यंग इंडिया’त क्रमशः छापला आणि लेखकाला गुजरात विद्यापीठात कामाला लावले. काकासाहेब कालेलकर तेव्हा विद्यापीठाची धुरा वाहत होते. विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन कुमारप्पांनी खेडा जिल्ह्यातल्या मातर तालुक्याची घरोघर पाहणी केली. गावाकडून किती घेतले जाते, गावाला किती परत मिळते, आणि मधल्या मध्ये गाव कसे सुकते, हे आकड्यांनी मांडले. मुंबईतल्या गिऱ्हाइकांचे ताळेबंद तपासणारी नजर आता खेड्याचा ताळेबंद तपासू लागली होती.

कराचीला १९३१ च्या मार्चमध्ये वल्लभभाई पटेलांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेस भरली. त्यानंतर इंग्लंड व हिंदुस्थान यांच्यामधील देण्याघेण्याची छाननी करण्यासाठी एक समिती नेमण्यात आली. बहादुरजी, भुलाभाई देसाई, प्रा. के. टी. शहा आणि कुमारप्पा हे तिचे सभासद. चिटणिसाचे काम कुमारप्पांकडे. आम्ही मघाशी जी कलमे वाचून दाखविली, कंपनीचे भाग, सत्तावनचा खर्च, देशाबाहेरील लढाया, रेल्वेची हमी, आणि पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानने ‘दिलेली’ दहा कोटी पौंडांची भेट, म्हणजे त्या वेळच्या भावाने दीडशे कोटी रुपये, ही सारी या समितीच्या विचारात होती. तिचा प्रश्न एकच : हे कर्ज हिंदी लोकांच्या नावे आहे, पण ते हिंदी लोकांच्या संमतीने, त्यांच्या हितासाठी काढले होते काय? काढले नसेल तर ते फेडण्याचा भार कोणावर? एका परतंत्र देशाने आपल्या धन्याच्या वह्या उघडून बसावे आणि कलमाकलमापुढे लाल शाईची खूण करावी, असे प्रसंग जगाच्या इतिहासात थोडे आहेत. त्या अहवालाने इंग्लंडकडून पैसा वसूल झाला नाही. पण सही-शिक्क्याने कर्ज खरे ठरते ही समजूत मात्र त्याने मोडली.

परक्याचा हिशेब मागणे मात्र तुलनेने सोपे असते. खरी कसोटी आपल्याच माणसांचा हिशेब मागताना लागते. ती कसोटी लवकरच आली.

बिहारमध्ये १५ जानेवारी १९३४ रोजी दुपारी प्रचंड भूकंप झाला. मुंगेर, मुझफ्फरपूर उद्ध्वस्त झाले. राजेंद्रप्रसादांच्या नेतृत्वाखाली मध्यवर्ती साहाय्य समिती स्थापन झाली आणि देशभरातून पैसा येऊ लागला. आपले जमनालालजी बजाज त्या कामासाठी बिहारला गेले. बच्छराजांच्या घरी दत्तक आलेले हे वर्ध्याचे शेटजी १९२० च्या नागपूर काँग्रेसपासून काँग्रेसचे खजिनदार होते. टिळक स्वराज्य फंडाचा एक कोटी रुपयांचा संकल्प १९२१ साली तीन महिन्यांत पुरा झाला, तेव्हा खजिन्याची काळजी वाहणाऱ्यांत तेही होते. वकिली सोडणाऱ्यांच्या निर्वाहासाठी त्यांनी स्वतः एक लाख रुपये दिले होते. व्यापाऱ्याला आकड्यांची भीती वाटत नाही, पण लोकांच्या पैशाचे ओझे मात्र वाटते, ते यांना वाटे. बिहारच्या निधीचा हिशेब पाहण्यासाठी कुमारप्पांना बोलावून घेण्यात आले.

तेथे कुमारप्पांनी काय केले? कार्यकर्त्यांच्या जेवणखाणासाठी त्यांनी माणशी रोजचे तीन आणे ठरवून टाकले. मग गांधीजींचा दौरा आला. बरोबर मंडळी, त्यांचे खाणेपिणे, मोटारीचे पेट्रोल. कुमारप्पांच्या चरित्रांत ही गोष्ट आवर्जून सांगितलेली आढळते : त्यांनी महादेवभाई देसाईंना स्पष्ट कळविले की हा पैसा भूकंपग्रस्तांसाठी आलेला आहे, गांधीजींच्या मंडळींचा खर्च त्यातून मिळणार नाही, त्याची सोय तुम्ही निराळी करा. गोष्ट गांधीजींच्या कानावर गेली. त्यांनी कुमारप्पांना कारण विचारले, कारण पटले, आणि तसेच करण्यात आले. दुसऱ्या एका वेळी समितीच्या सभेसाठी हिशेब तयार करण्यात गढलेल्या कुमारप्पांनी खुद्द गांधीजींनाही भेटीसाठी वेळ नाही असे सांगून पाठविले होते, असे म्हणतात.

या गोष्टी आपण सहसा हसून सांगतो आणि सोडून देतो. आम्हांस वाटते, तेथे जरा थांबावे. ‘नाही’ म्हणणारा माणूस त्यात जितका महत्त्वाचा आहे तितकाच ते ‘नाही’ ऐकून घेणाराही महत्त्वाचा आहे. गांधीजींची ही घडण जुनी होती. नाताळ इंडियन काँग्रेस १८९४ साली स्थापन झाली तेव्हापासून, लहान वर्गणीचीही पावती दिली पाहिजे, हा त्यांचा कटाक्ष होता. आणि त्या वर्षाच्या वह्या पुढेही शाबूत सापडतील अशी खात्री त्यांनी आत्मकथेत व्यक्त केली आहे. दरकदाराला मामलेदार काढू शकत नसे तो राजाज्ञेमुळे. येथे तपासनिसाला राजाज्ञेचा आधार नव्हता; त्याचा आधार एवढाच, की ज्याचा हिशेब तपासायचा त्यालाच तपासणी हवी होती. या आधाराचे बळ मोठे, आणि त्याचा दुबळेपणाही मोठा. त्याकडे आपण शेवटी येऊ.

त्याच वर्षी, १४ डिसेंबर १९३४ रोजी, वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. जमनालालजींनी आपली बाग आणि घर त्यासाठी देऊन टाकले. मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ ती जागा मगनवाडी झाली. वर्ध्याचेच श्रीकृष्णदास जाजू, वकिली सोडून सार्वजनिक कामाला वाहून घेतलेले, अध्यक्ष झाले, कुमारप्पा चिटणीस. तेलघाणी, हातकागद, मधमाश्या, गूळ, हातसडीचा तांदूळ अशी ही कामे. ज्याला मोठे अर्थकारण म्हणतात त्यात यांतले काहीच बसत नाही. परंतु हिशेबाच्या इतिहासात मगनवाडीला एक निश्चित स्थान आहे. येथे दोन्ही प्रश्न एकाच वहीत आले.

उदाहरण चरखा संघाचे घेऊ. संघाचे हिशेब तपासलेले असत, विक्री वाढत होती, खादी स्वस्त करण्याचा प्रयत्न चालू होता. वहीच्या दृष्टीने सारे ठीक. गांधीजींनी १९३५ साली वेगळाच प्रश्न काढला : ही खादी स्वस्त होते ती कोणाच्या जिवावर? सूत कातणाऱ्या बाईच्या हाती दिवसाकाठी काय पडते? पावती बरोबर आहे, पण ज्या बाईसाठी संघ काढला तिचे पोट त्या पावतीत भरत नाही. मग खादी महाग झाली तरी चालेल, कातणारीला निर्वाहापुरती मजुरी मिळाली पाहिजे, असे धोरण त्याच वर्षी वर्ध्याला ठरले. खादीभांडारांचे गणित त्यामुळे अवघड झाले, खप घटण्याची भीती उभी राहिली. तरीही प्रश्न विचारला गेला. आजच्या एखाद्या सरकारी महामंडळाचा वार्षिक अहवाल उघडा आणि असा प्रश्न त्यात कोठे सापडतो का ते पाहा.

दुसरे उदाहरण सरकारचे. मध्यप्रांत-वऱ्हाडात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आल्यावर औद्योगिक पाहणी समिती नेमण्यात आली आणि कुमारप्पा तिचे अध्यक्ष झाले. समितीने प्रांतातील ६०६ खेडी पाहिली, आणि १९३९ साली तिचा अहवाल निघू लागला. सरकारने नेमलेली समिती, सरकारचा छापखाना. पण मोजमाप गावाच्या बाजूने घेतलेले. सरकारी उत्पन्न गोरगरिबांकडून किती येते आणि त्यांच्या उपयोगाला किती जाते, हा कुमारप्पांचा जुना प्रश्न प्रांताच्या पातळीवर मांडला गेला. आपल्या जिल्ह्यात तेव्हा मालगुजारी होती. पटवाऱ्याच्या वहीत गावाची जमीन होती, पीक होते, सारा होता. पण सारा भरून गावात काय उरले, याचे सदर त्या वहीत नव्हते. समितीने जणू ते सदर आखले. पुढे महायुद्ध आले, मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, आणि अहवाल कपाटात गेला. अहवालांचे नशीब बहुधा असेच असते.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. वर्ध्याची ही परंपरा थोर माणसांची होती. गांधींनी ‘नाही’ ऐकून घेतले. दुसरा कोणी ऐकून घेईल याची हमी काय? जमनालालजी १९४२ च्या फेब्रुवारीत गेले. कुमारप्पा मगनवाडी सोडून जिल्ह्यातच सेलडोहला काही काळ शेतीचे प्रयोग करीत राहिले, मग दक्षिणेत गेले आणि ३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्याच पुण्यतिथीला, निवर्तले. त्यांच्या संस्थांतून त्यांची शिस्त किती उरली, हे प्रत्येकाने आपापल्या अनुभवाने ठरवावे. सद्गुणावर उभारलेली तपासणी सद्गुणी माणसाबरोबर जाते.

म्हणूनच सेलिग्मन यांच्या दुसऱ्या विद्यार्थ्याचे काम येथे आठवले पाहिजे. घटना समितीत नियंत्रक व महालेखापरीक्षक या पदाची चर्चा १९४९ च्या मे महिन्यात झाली. डॉ. आंबेडकरांनी सांगितले की घटनेतील हा बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे. त्याची कर्तव्ये न्यायसंस्थेच्या कर्तव्यांहूनही महत्त्वाची आहेत. आणि तरीही न्यायसंस्थेला दिले तितके स्वातंत्र्य आपण त्याला देत नाही, याची खंतही त्यांनी बोलून दाखविली. घटनेच्या १४८ ते १५१ या कलमांनी त्याला सहजासहजी काढता येणार नाही अशी तरतूद केली आणि त्याचा अहवाल संसदेपुढे व विधिमंडळापुढे ठेवणे बंधनकारक केले. दरकदाराचे जुने तत्त्व आणि गोखल्यांची अपुरी राहिलेली मागणी येथे एकत्र आली. कुमारप्पांनी जे स्वभावाने केले ते आंबेडकरांनी कलमात बांधले. एकाच गुरूच्या दोन शिष्यांची ही वाटणी आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. कारण कलमाशिवाय स्वभाव टिकत नाही, आणि स्वभावाशिवाय कलम हलत नाही.

स्वतंत्र भारतात याचा पहिला मोठा प्रत्यय मुंबईला आला. नव्या आयुर्विमा महामंडळाने १९५७ साली हरिदास मुंद्रा यांच्या कंपन्यांचे सव्वा कोटीच्या घरातले भाग विकत घेतले. फिरोज गांधींनी लोकसभेत प्रश्न विचारला, आणि मुख्य न्यायाधीश छागला यांच्या एकसदस्य आयोगाने १९५८ च्या आरंभी मुंबईत उघड चौकशी केली. लोकांची गर्दी इतकी, की आतल्या साक्षी बाहेर ऐकू याव्या म्हणून कर्णे लावावे लागले. अर्थमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. विमाधारकांच्या हप्त्यांचा हिशेब रस्त्यावर उभे राहून लोक ऐकत होते. हुजुरापुढचा हिशेब आता लोकांपुढे आला होता.

त्यानंतर महाराष्ट्राने आणखी दोन पावले टाकली. दुष्काळाच्या दिवसांत, १९७२ च्या सुमारास, वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली, आणि १९७७ च्या कायद्याने तिला बळ दिले. या योजनेची वही म्हणजे हजेरीपट. हजेरीपट खरा असेल तर पैसाही पोचला आणि मजुराची चूलही पेटली. म्हणजे दोन्ही प्रश्नांचे उत्तर एका कागदावर. आणि तो खोटा असेल तर मेलेल्या माणसांनी मुरूम टाकल्याच्या नोंदीही त्यात सापडतात! म्हणूनच २००५ च्या केंद्रीय रोजगार कायद्याने हजेरीपटांची तपासणी ग्रामसभेच्या हाती दिली. माहितीच्या अधिकाराचा कायदा महाराष्ट्राने २००२ साली केला, देशाने २००५ साली. ज्याच्या घामाने जमेची बाजू भरते त्याने वही मागावी, हे अखेर कायद्याने मान्य केले.

मग आता अडते कोठे? आमचा एक अनुभव सांगून पुरे करतो. गावाचे नाव सांगण्याचे कारण नाही. असे गाव प्रत्येक तालुक्यात आहे. ग्रामसभेस आम्ही पाहुणे म्हणून बसलो होतो. वर्षाचा जमाखर्च आणि तपासणीची टिपणी सभेपुढे ठेवावी, असा नियम आहे. ग्रामसेवकांनी तो एका दमात वाचला, इतक्या वेगाने की कलम कोठे संपते आणि रक्कम कोठे सुरू होते ते कळू नये. ‘मंजूर?’ ‘मंजूर.’ माणसे उठू लागली. तेवढ्यात मागच्या बाजूने एका म्हाताऱ्या बाईंनी विचारले, “भाऊ, त्या हापशीचे पैसे लिवले म्हणता, मंग ती हापशी हाय कोठी?” सभा हसली. ग्रामसेवक हसले नाहीत. त्यांनी कागद पुन्हा उलगडला आणि शोधू लागले. हसणारेही एकेक करून पुन्हा खाली बसले.

त्या बाईंना लेखापरीक्षण हा शब्द ठाऊक नसेल. परंतु पेशव्यांचे एकबेरीज दफ्तर, वेल्बी आयोग, कराचीची समिती आणि घटनेचे एकशे अठ्ठेचाळिसावे कलम यांच्या मुळाशी जो प्रश्न आहे, नेमका तोच त्यांनी विचारला. पैसा गेला हे कागद सांगतो. पाणी आले का हे बाई सांगते. कागद आणि बाई एका सभेत समोरासमोर आली म्हणजे हिशेब पुरा झाला.

वर्ध्याला येणारे पाहुणे सेवाग्रामची कुटी पाहून हात जोडतात. मगनवाडीकडे थोडे वळतात. त्यांनी वळावे, आणि आपणही वळावे. हात जोडायला नव्हे. यंदाच्या उन्हाळ्यात आपापल्या नगरपालिकेचा, शाळेचा, सोसायटीचा, देवस्थानाचा ताळेबंद एकदा मागून घ्यावा, सावकाश वाचावा, आणि न समजलेल्या एका तरी कलमावर बोट ठेवून विचारावे, हे काय आहे? विचारताना थोडी भीड वाटेल. तीन आण्यांची मर्यादा गांधीजींच्या मंडळींनाही लावणाऱ्या माणसाला ती वाटली नसेल असे आम्हांस वाटत नाही. त्याने भीड बाजूला ठेवली, एवढेच. आपण येथून घरी जाताना तेवढे घेऊन गेलो तरी ही संध्याकाळ कारणी लागली असे आम्ही समजू.